कपाट सरकलं, पलंगही सरकला

आमच्या मधल्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, दीड फूट खोल. मामंजींनी १९६८ साली दांडेलीहून लाकूड आणवलं आणि अंगणात सुतार बसवून करून घेतलं. डाव्या दाराला आतून आरसा, खाली दोन खण, वर माळ्यासारखी एक फळी. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यातला एक कप्पा रिकामा करून मला दिला होता. अव्वा माहेरच्या गोकाककडच्या. घरात मामंजींशी मराठी, मुलांना रागवायचं असलं की कन्नड, आणि देवाशी काय बोलतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

हे कपाट १९८७ नंतर जागचं हललं नव्हतं. त्याचं कारण अव्वाच.

त्या वर्षी दसऱ्याआधी घराला चुना काढायचा होता. कपाट भिंतीपासून पुढं घ्यायला चार माणसं जमली. मामंजी, आमचे हे, शेजारचे काका आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला एक पोरगा. कपाट अर्धं भरलेलंच होतं, कारण रिकामं करायचा सगळ्यांनाच कंटाळा. अव्वा दारात उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "दब्बु, दब्बु!" आता आपल्याकडं घराघरांत दोन्ही भाषा चालतात, पण ते पोरगं होतं कोकणातलं, नुकतंच आलेलं. कन्नडमध्ये दब्बु म्हणजे ढकल. त्याला ऐकू आलं 'दाब'. त्यानं बिचाऱ्यानं सगळा जोर लावून कपाट खाली दाबून धरलं आणि बाकीचे तिघं वरच्या बाजूनं ढकलत होते. खालचा पाय मोझॅकच्या फरशीच्या जोडात अडकला. कपाट सरकलं नाही, कललं. दार उघडून आतले तांब्याचे डबे बाहेर आले, आणि कपाट सावरायला गेलेल्या मामंजींच्या पायाच्या अंगठ्यावर पुढचा पाय बसला. अंगठ्याचं नख गेलं, हाड मोडलं, दीड महिना पाय वर करून बसावं लागलं. फरशीचा टवका उडाला तो अजून आहे.

त्या दिवसापासून अव्वांचा कायदा झाला, 'मुट्टब्याड'. हात लावायचा नाही. त्यानंतर किती वेळा रंग झाला, पण रंगारी कपाटाच्या कडेपर्यंत ब्रश फिरवून थांबायचा. मामंजी गेले तेव्हा तर त्या कायद्याला धार्मिक वजनच आलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी अव्वा परसात पडल्या. वय शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि पंधरा दिवसांनी त्या वॉकर घेऊन घरी आल्या. त्यांची खोली माडीवर होती, ती आता बंद. खाली न्हाणीघर आणि संडास जवळ असलेली खोली एकच, ती म्हणजे मधली. पलंग तिथं टाकला. आणि मग लक्षात आलं की पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एकोणीस इंच जागा उरते.

वॉकर बावीस-तेवीस इंचांचा असतो. माणूस आणि वॉकर नीट जायचे, वळायचे, तर तीन फूट तरी वाट हवी. आमच्याकडं एकोणीस इंच. म्हणजे अव्वांना पलंगावरून उठायचं तर वॉकर आडवा धरून, कपाटाच्या कडेला हात लावून, खेकड्यासारखं चालत दारापर्यंत यायचं. रात्री तर मी किंवा हे कुणीतरी धरून न्यायचं. दिवसातून सात-आठ वेळा. अव्वांनी आयुष्यात कधी कुणाला पाणी द्या म्हणून सांगितलं नाही. त्या बाईला संडासाला जायला सुनेला हाक मारावी लागते, याचं काय होतं ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. पुढं पुढं त्या संध्याकाळी चारनंतर पाणीच पिईनात. मला वाटलं भूक-तहान कमी झाली असेल. डॉक्टरांनी लघवीचा जंतुसंसर्ग सांगितला तेव्हा उलगडा झाला.

तेव्हा कपाट हलवणं भागच होतं. समोरची भिंत मोकळी होती. तिथं गेलं की साडेतीन फुटांची वाट मिळत होती.

पण हलवणार कोण? यांचा मणका सरकलेला, डॉक्टरांनी दोन किलोच्या वरची पिशवीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलेलं. मुलगा बेंगळुरात. शेजारचे काका केव्हाच गेले, त्यांची मुलं पुण्यात. पूर्वी गल्लीत 'जरा हात लावायला या' म्हटलं की पाच जण यायचे. आता गल्लीत हात आहेत ते सगळे आमच्याच वयाचे. हमालांना विचारलं, तर ते म्हणाले उचलून नेऊ, पण पलंग, टेबल आणि देव्हारा आधी बाहेर काढा. म्हणजे अव्वांना बाहेर काढा. आणि खोलीत चार माणसं कपाट घेऊन वळायला जागाच नाही. सुतार म्हणाला, खिळे-चुका नाहीत, सगळं खाचा पाडून बसवलंय, सोडवलं तर परत तसं बसेल याची खात्री देत नाही. अव्वा हे सगळं पलंगावरून ऐकत होत्या. बोलल्या एवढंच, "राहू दे गं. कपाट आधी आलंय, मी नंतर पडलीय."

हुबळीहून आमची लेक आली ती पर्समधून एक पाकीट घेऊनच. त्यात गोल चकत्या होत्या. "आई, हे पायांखाली घालायचं आणि ढकलायचं, बस."

मला आधी हसूच आलं. पण नंतर मी स्वतः खडेबाजारात जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून अजून दोन प्रकार आणले, तेव्हा त्यातला फरक कळला. तो सांगते, कारण चुकीचं आणलं तर पैसेही जातात आणि फरशीही. एक प्रकार फेल्टचा, म्हणजे आपल्या नमद्याचा. जाड, केसाळ लोकरीसारखा. हा गुळगुळीत फरशीसाठी. मोझॅक, संगमरवर, हल्लीच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, लाल कोबा. दुसरा प्रकार कडक प्लॅस्टिकचा, तळ गुळगुळीत, कधी त्यावर टेफ्लॉनचा थर. हा मुळात सतरंजी-गालिच्यावरून सरकवायला. आमच्या सोप्यात शहाबादी आहे, खडबडीत. तिथं नमदा टाकला तर चार ढकलण्यांत त्याची लक्तरं होतात, तिथं हा कडक प्रकारच कामाचा. दोन्ही प्रकारांत चिकटवायचे आणि नुसते पायाखाली ठेवायचे असे असतात. कायम हलणाऱ्या वस्तूला, म्हणजे खुर्चीला, चिकटवायचे. कपाटासारख्या वर्षातून एकदा हलणाऱ्या वस्तूला नुसते ठेवायचे, वाटीसारखी कड असलेले घ्यावेत म्हणजे पाय निसटत नाही. आणि चिकटवलेले असोत की ठेवलेले, त्याआधी फरशी झाडून, ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून घ्यायची. नमद्यात वाळूचा एक कण अडकला तरी तो टाइलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो. हे मी दुसऱ्या खोलीत करून पाहिलेलं आहे, आता त्यावर गालिचा आहे.

आमचे हे निवृत्त गणिताचे शिक्षक. मणक्यामुळं हाताला काम नव्हतं, तोंडाला होतं. ते खडू घेऊन आले आणि फरशीवरच मांडायला बसले. त्यांचं म्हणणं मला समजलं तेवढं असं. वस्तू सरकायला किती जोर लागेल हे तिचं वजन आणि खाली काय कशावर घासतंय यावर ठरतं. खालचा पाय मोठा की लहान याला महत्त्व नाही. हा नियम आमोंताँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६९९ साली मांडला. म्हणून मोठी चकती घेतली म्हणजे कपाट जास्त पळेल हा समज चुकीचा. मोठ्या चकतीचा फायदा इतकाच की पाय त्यावर नीट बसतो. आपलं कपाट रिकामं शंभर किलोचं धरलं, तर लाकडी पाय फरशीवर घासत न्यायला चाळीस-पन्नास किलोचा जोर लागेल, नमद्यावर साधारण वीसचा. शिवाय वस्तू बसल्या जागेवरून सुटेपर्यंत जास्त जोर लागतो, एकदा सुटली की कमी. म्हणून धक्के देत न ढकलता, सुटल्यावर संथ, न थांबता ढकलायचं.

मग त्यांनी १९८७ चं कोडं सोडवलं. मला हा भाग फार आवडला. कपाट दीड फूट खोल. समोरून मागं किंवा मागून समोर ढकलताना, घासण्याचा जोर वजनाच्या निम्मा असला तर जमिनीपासून दीड फुटाच्या वर कुठंही ढकललं की कपाट सरकायच्या आधी कलतं. मामंजींनी आणि काकांनी ढकललं होतं छातीच्या उंचीवर. वर पाय फरशीच्या जोडात अडकलेला. ते कलणारच होतं. तेच खाली नमदा असला आणि जोर वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर आला, तर पावणेचार फुटांपर्यंत ढकललं तरी चालतं. आणि खोलीच्या दिशेनं न ढकलता रुंदीच्या दिशेनं, म्हणजे कुशीवरून ढकललं, तर चार फुटांचा पाया मिळतो, मग काळजीच नाही. "म्हणजे त्या पोराची चूक नव्हती," हे म्हणाले. "उलट तो दाबत होता म्हणूनच ते पूर्ण पडलं नसेल." यावर पलंगावरून आवाज आला, "मग त्याला उगीच शिव्या घातल्या मी." सदतीस-अडतीस वर्षांनी त्या पोराला न्याय मिळाला. कुठं असेल कोण जाणे.

अव्वांच्या मते चकत्यांची गरजच नव्हती. त्यांच्या माहेरी धान्याची कणगी हलवायची तर खाली ओलं गोणपाट घालायचे. नाहीतर जुनं घोंगडं. यावर यांनी लगेच इजिप्त काढलं. तिथं जेहुतीहोतेप नावाच्या सरदाराच्या थडग्यात एक चित्र आहे, सुमारे पावणेचार-चार हजार वर्षांपूर्वीचं. प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर ठेवून माणसं ओढताहेत आणि पुढं उभा एक जण वाळूवर पाणी ओततोय. लोकांना वाटायचं की हा काही धार्मिक विधी असेल. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी वाळू घेऊन प्रयोग केला, तेव्हा दिसलं की बेताचं पाणी घातलं तर ओढायचा जोर निम्म्यावर येतो. पाणी जास्त झालं की मात्र पुन्हा जड जातं. अव्वांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गोणपाट पिळून घालायचं असतंय, हे मी सांगितलंच नाही का?"

ठरलं. रविवारी सकाळी कपाट रिकामं करायला घेतलं. यात अर्धा दिवस गेला, आणि माझं मत असं की कामातला हाच भाग खरा जड. १९८७ चे डबे निघाले. मामंजींची पेन्शनची कागदं निघाली, मुलांची लसीची कार्डं निघाली. इरकल साड्या तीन, त्यातली एक घडीवर विरलेली. अव्वा पलंगावर बसून एकेक वस्तू हातात घेऊन बघत होत्या आणि 'ठेव', 'दे', 'टाक' सांगत होत्या. 'टाक' फार थोड्या वेळा. खण काढून बाजूला ठेवले. दारांना कुलूप लावून वर सुतळीनं बांधलं, कारण कुलूप जुनं. आरशावर चादर.

मग उचलायचा प्रश्न. उचलायचं म्हणजे चकती जाईल एवढंच, एक इंच. त्यासाठी पहार. अव्वा तिला सन्नेगोल म्हणतात. पाच फुटांची पहार, टोकापासून चार इंचांवर खाली लाकडी ठोकळा. यांचा हिशोब, कपाटाची एक बाजू पन्नास किलो, पण पहारीच्या दुसऱ्या टोकाला चार किलोच्या आसपास जोर पुरतो. आणि खरोखरच मी एका हातानं पहार दाबली आणि ते कपाट, ज्याला आम्ही इतकी वर्षं भीत होतो, ते आज्ञाधारकपणे एक इंच वर आलं. पहारीच्या टोकाखाली कापडाची घडी ठेवली होती म्हणजे लाकडाला खोक पडू नये. लेकीनं चकती आत घातली, पण बोटानं नाही. फूटपट्टीनं. हे यांनी तीनदा बजावलं होतं. कपाटाखाली बोट घालायचंच नाही, पहार निसटायला वेळ लागत नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत. मामंजींच्या अंगठ्याची आठवण घरात होतीच.

चार पाय, चार चकत्या. मी आणि लेक कुशीच्या बाजूला, कमरेच्या खाली हात लावून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून. ढकलायचं ते पायांच्या जोरावर, पाठीच्या नाही. ओढायचं तर मुळीच नाही, कारण ओढणारा माणूस वस्तूच्या वाटेत उभा असतो. हे समोरून, वाटेच्या बाहेर उभे राहून, फरशीचे जोड बघत होते. अव्वा म्हणाल्या, "दब्बु." लेकीला कन्नड येतं.

आणि कपाट निघालं. आवाजसुद्धा नाही. शेवाळावरून होडी जावी तसं. आम्ही दोघी इतक्या दचकलो की थांबलोच. हे ओरडले, "थांबू नका!" पुन्हा सुटायला थोडा जोर लागला, मग परत तसंच. आधी भिंतीपासून तिरकं बाहेर, मग एक कोपरा धरून दुसरा फिरवत वळवलं. बारा फूट जायला दहा मिनिटं लागली असतील, त्यातली आठ आम्ही हसण्यात घालवली.

हसणं थांबलं ते मागची भिंत दिसल्यावर. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या, तळापासून कमरेपर्यंत. वाळवी. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण कपाटाची पाठ साध्या लाकडाच्या फळ्यांची होती, आणि मामंजींनी हे कधी सांगितलंच नव्हतं. खालच्या दोन फळ्या बोट लावलं तर पापडासारख्या मोडल्या. त्यातून आत जाऊन खालच्या कप्प्यातल्या कागदांचा कडेचा भाग खाल्ला होता. बेळगावचा पाऊस, भिंतीची ओल, आणि कपाट भिंतीला अगदी चिकटलेलं. इतक्या वर्षांत तिथं उजेड नाही, वारा नाही, केरसुणी नाही. अजून दोन-तीन पावसाळे गेले असते तर पाठ गेलीच असती आणि साड्याही. कायदा अव्वांचा होता, त्यामुळं कुणी काही बोललं नाही. त्याच म्हणाल्या, "मुट्टब्याड म्हटलं, तर वाळवीनं मुट्टलं." सुतारानं फळ्या बदलल्या, भिंतीला औषध मारून घेतलं, आणि कपाट आता नव्या जागी भिंतीपासून चार इंच सोडून उभं आहे.

इथवर सगळं छान होतं. पण मी मुद्दाम पुढचं लिहिते आहे, नाहीतर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

कपाट हललं आणि आम्हाला नशा चढली. पाकिटात चकत्या उरल्या होत्या. लेकीनं आणि मी त्या दुपारी काय काय हलवलं! जेवणाचं टेबल, शोकेस, शिलाईचं मशीन. उंबरठा आला की थांबायचं, तिथं चकत्यांचा उपयोग नाही, दोन्ही बाजूंना फळ्या टाकून उतार करावा लागतो, एवढं शिकलो. आणि शेवटी अव्वांचा पलंग. तो खिडकीकडं दोन फूट घेतला म्हणजे वाट अजून रुंद. चार पायांखाली चार चकत्या, एका बोटानं पलंग गेला. लेक संध्याकाळच्या गाडीनं हुबळीला गेली. रात्री दमून आम्ही लवकर झोपलो. चकत्या तशाच.

रात्री दीड-दोनला अव्वांच्या वॉकरचा आवाज आला. टक्, मग पावलं, मग टक्. त्या एकट्याच गेल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हाक न मारता. मी अंथरुणात ते ऐकत पडले आणि मला फार बरं वाटलं. त्या परत आल्या. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा म्हणून उठले आणि दारात पोचले.

फिजिओथेरपीच्या मुलीनं त्यांना बसायची रीत शिकवली होती. वॉकर घेऊन पाठमोरं मागं जायचं, पलंगाची कड गुडघ्यांच्या मागं लागली की मग एक हात मागं टेकवायचा आणि बसायचं. कड लागली म्हणजे पलंग तिथं आहे, अशी ती खूण. अव्वा मागं आल्या. कड लागली. त्यांनी हात मागं टेकला, अंग सोडलं, आणि पलंग मागं सरकला. आवाज न करता, सकाळी कपाट गेलं तसाच.

मी कशी धावले मला आठवत नाही. तांब्या कुठंतरी गेला. काखेत हात घालून मी त्यांना धरलं, पण पेलवलं नाही, आणि आम्ही दोघी हळूहळू, भिंतीला घसटत, जमिनीवर बसलो. त्या माझ्या मांडीवर. हे आले, दिवा लावला. अव्वा डोळे मिटून होत्या. मी विचारत होते, कुठं लागलं, पाय हलवून बघा. त्यांनी पाय हलवला, बोटं हलवली, आणि म्हणाल्या, "एनू आगिल्ल." काही झालं नाही.

काही झालं नव्हतं हे खरं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोटो काढून घेतला, खुबा जागच्या जागी. पण ती उरलेली रात्र मी बसून काढली. हेही बसले होते. ज्यांनी सकाळी फरशीवर सगळा हिशोब मांडला, तेच म्हणत होते, "मला सुचायला हवं होतं. जोर कमी लागतो तो सगळ्यांनाच कमी लागतो." चूक त्यांची नव्हती, माझी होती. चकत्या मीच घातल्या, मीच काढायच्या होत्या. सहज सरकायला म्हणून जी वस्तू आणली ती म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाखाली ठेवून मी झोपले.

सकाळी पहिलं काम चकत्या काढायचं. मग रविवार पेठेतून काठीला खाली घालतात तसले रबरी बूट आणले, पलंगाच्या पायांच्या मापाचे, आणि चारही पायांना बसवले. पलंगाची मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे जायला जागाच नाही. वॉकरचे रबरी बूट पाहिले तर दोन झिजून गुळगुळीत झालेले, तेही बदलले. न्हाणीघरातल्या स्टुलालाही तेच. कपाटाखालच्या चकत्याही काढल्या आणि वरच्या बाजूला दोन लोखंडी पट्ट्यांनी ते भिंतीला बांधून घेतलं. नातवंडं सुट्टीला येतात, दाराला लोंबकळतात, उंच कपाट कलायला एवढं पुरतं हे १९८७ पासून आम्हाला माहीत आहे. तुमच्याकडं कुणी वयस्कर असेल तर एवढं करा: चकत्या किती घातल्या ते मोजून ठेवा आणि काम झालं की तेवढ्याच पाकिटात परत मोजा. आता मी पाकिटावर आकडा लिहून ठेवलाय.

त्या दिवशी दुपारी अव्वांना मी पुन्हा पुन्हा विचारत होते, दुखतंय का, भीती वाटतेय का. त्या वैतागल्या. म्हणाल्या, "आमच्या गावचा तेर बघितलास ना?" तेर म्हणजे रथ. "ओढायला सगळं गाव असतंय. पण चाकाखाली पाचर घालायला चार माणसं वेगळी असतात. रथ वळवायचा असला, थांबवायचा असला की ती धावत जाऊन चाकाखाली लाकूड सरकवतात. लोकांचं लक्ष वर कळसाकडं. ह्यांचं लक्ष चाकाकडं. काल तुम्ही सगळी ओढणारीच झालात." एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. चार वाजून गेले होते. पूर्ण कप प्यायल्या.

चकत्यांचं पाकीट आता गल्लीत फिरतंय. समोरच्या वहिनींनी देव्हाऱ्याचं टेबल हलवलं, मागच्या आळीत एकीनं फ्रीज मागं घेऊन पाठीमागचा पाच वर्षांचा केर काढला. दर वेळी पाकीट देताना मी आकडा दाखवते आणि कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे का ते विचारते. त्यांना वाटतं मी चौकशी करते.

गेल्या महिन्यात मी अव्वांची वेणी घालत होते. त्या बराच वेळ कपाटाकडं बघत होत्या. डावं दार उघडं होतं, आतला आरसा दिसत होता.

"काय झालं?"

"त्या आरशात देव्हाऱ्याचा दिवा अर्धाच दिसतोय," त्या म्हणाल्या. "लेक कधी येणार हाय? यांना सांगून पट्ट्या सोडवून घे. इन्नू स्वल्प दब्बु."

अजून थोडंसं ढकल. मी विचारलं, किती? त्यांनी चार बोटं दाखवली.